पस्तीस की पन्नास

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, छायाचित्र मंडळाचे सभासद आणि सभासदांच्या घरून आलेली सोशिक मंडळी,

आमचे हे आज बारा वर्षांनी मंडळाचं सचिवपद सोडत आहेत. अध्यक्षभाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला." दोन शब्द मला पाठ आहेत. पस्तीस आणि पन्नास.

रोजच्या फोटोंसाठी एकच प्राइम लेन्स ठेवायची, तर पस्तीस मिलिमीटरची की पन्नासची? प्राइमला झूम नसतो. जवळ-लांब माणसानेच व्हायचं. "मावत नसेल तर दोन पावलं मागे जा," हे यांचं वाक्य. तुम्ही त्याला टाळ्या वाजवल्यात. आमच्या स्वयंपाकघरात दोन पावलं मागे भिंत आहे. पन्नास लावली की कुकर तरी येतो, नाहीतर मी. पस्तीस घेऊन हे जवळ आले की नाक मोठं येतं. नाक मुळातच मोठं असावं, असं मत अध्यक्षभाऊजींनी दिलं होतं. मी विसरलेले नाही.

मग चाळीसची आणली. सुवर्णमध्य म्हणे. आठवडाभरात तिच्यात दोन्हींचे दोष दिसू लागले. या प्रश्नावर यांची इथे अकरा व्याख्यानं झाली. अकराही वेळा चहा मी केला, म्हणून आकडा पक्का.

मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली, ती सकाळ सांगते. टॅक्सी दारात. ती मागच्या काचेतून हात हलवते आहे. यांच्या एका हातात काढलेली पन्नास, दुसऱ्या हातातल्या पस्तीसचं झाकण निघेना. मला म्हणाले, "अगं, त्याला एक मिनिट थांबायला सांग." टॅक्सीवाला म्हणाला, "मी थांबेन हो, विमानाचं काय?"

फोटो आहे. रिकामा रस्ता, आमचं फाटक, उजेड उत्तम. तुमच्या प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, "रिकामेपणाची विलक्षण जाण." जाण कसली, उशीर झाला होता.

मुलगी फोनवर विचारते, "त्या दिवशी बाबांनी माझा फोटो काढला ना?" मी म्हणते, "काढला." तो कधी पाठवणार, हे ती आता विचारत नाही.

उद्या सकाळी ती येते आहे. चार वर्षांनी, तीन दिवसांसाठी. आणि आज मंडळाने यांना प्रेमाने काय द्यावं? अठ्ठावीसची लेन्स. आभारी आहे. ही लेन्स घरी पोचली की कपाटात जाईल. बाकीच्या कालच गेल्या. किल्ली या पर्समध्ये आहे. एक तेवढी कॅमेऱ्याला लावून ठेवली आहे. बारा वर्षं बघत आले, लावता येते मला.

हे तिथून खुणेने विचारताहेत, कोणती? सांगणार नाही. उद्या फाटक वाजेल तेव्हा कॅमेऱ्याला डोळा लावा आणि बघा.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, बरं वाटलं. माझं बोलणं कुणाला फार जवळून लागलं असेल तर क्षमा करा आणि दोन पावलं मागे जा. इथली भिंत बरीच लांब आहे.