सुकल्या खांबात खिळा

थांबलास का, लॉइड? मार की! वाकला? वाकणारच — दुसरा घे, डबाभर आहेत. नाही नाही, गिरमिट मागू नकोस, भोक पाडून तर माझी आजीसुद्धा खिळा बसवेल. आमच्या घरची रीत आहे — माझ्या पोरीला, ग्लेनिसला, मागायला येईल त्यानं या खांबात एक खिळा सरळ ठोकायचा, मग चहा. टपाल वाटून वाटून मनगट मऊ झालंय तुझं. आयर्नबार्कचं लाकूड आहे लेका! पंचेचाळीस वर्षं जमिनीत उभा आहे, वाळवीनं तोंड लावलेलं नाही. पाण्यात टाक, दगडासारखा तळाला जाईल. करवतीचे दात जातात याच्यावर, तिथं तुझी काय कथा!

ही वाकड्या खिळ्यांची रांग बघ — हा क्लाइवचा, मेंढ्या कातरायचा तो. अंगठ्यावर हातोडा बसला, नखच गेलं. हा शाळामास्तरचा — खिळा उडाला तो थेट डोळ्यात. मी म्हटलं, बरं झालं ग्लेनिस, आता तुझं तोंड त्याला अर्धंच दिसेल. काय हसलो होतो मी! ती नाही हसली. तिला विनोद कळतच नाही, आईवर गेलीय. आता एक्केचाळीस झाली, जाऊन करणार काय? आणि इथं माझं मटण कोण भाजणार, पायाला मलम कोण चोळणार — म्हणजे, मी तिच्या भल्याचंच बघतो.

तो वरचा? सरळ गेलेला? तो माझा! तीन घावांत, तिच्या आईच्या देखत. झाड आदल्याच दिवशी पाडलेलं, ओलं लाकूड, लोण्यात सुरी जावी तसा — म्हणजे — ओलं असलं म्हणून काय झालं? हात लागतोच ना! असा काय बघतोस? हो, सुकल्यावर नाही जात. कुणाच्याच बापाचा जात नाही, माझाही नाही. म्हणून तर ठेवलाय हा खांब. हे तिला सांगायचं नाही हं, तिला वाटतं की तिच्या नशिबातच सगळे नेभळट —

तू कधीपासून उभी आहेस दारात? आणि ही पेटी कसली? ऐकलंस तर ऐकलंस, खोटं काय त्यात! रडू नकोस, रडलीस की आणखी वाईट दिसतेस. लॉइड, तिची पेटी खाली ठेव. तिच्या हाताला हात लावू नकोस! निघ इथून, चालता हो —

तू नाही गं. मी त्याला म्हटलं. ग्लेनिस, तुला नाही म्हटलं मी.

ग्लेनिस?