प्रायमरच्या डब्यांमागची पाटी

— पाटी? कुठली पाटी? ‘काउंटरसाठी माणूस पाहिजे’? अगं बाई, ती तुला दिसली कशी? प्रायमरच्या डब्यांमागे आहे ती! नजर तेज आहे हं तुझी. जुनी आहे गं. म्हणजे जुनी नाही, पण — थांब, हा डबा रंगाच्या मशीनवरून उतरवते, सांडला तर दुकानाचे मालक, आमचे काका, माझ्या नावानं शंख करतील. बस ना. त्या स्टुलावर नको, त्याला ऑइलपेंट लागलाय, उठशील तेव्हा पँट तिथंच राहील.

काय शिकतेस? केमिस्ट्री. वा! आणि सध्या ‘ब्रेक’ घेतलायस. काय गोड शब्द आहे ना — ब्रेक! मीसुद्धा पहिल्या दिवशी इथं हेच सांगितलं. काका म्हणाले, ‘घे की, चहाचा ना?’ चहा केव्हाच संपला, ब्रेक आपला चालूच आहे. आणि घरी काय सांगितलंयस — ‘जरा अनुभव घेते, पुढच्या वर्षी परत जाते’? बघ, शब्दन्‌शब्द! औषधांच्या कंपनीत जाऊन आली असशील. डिग्री पूर्ण करून या म्हणाले? म्हणणारच. डबे उचलायला आपण जास्त शिकलेल्या आणि बाकी सगळ्याला कमी. आणि वर म्हणे कायमचं काम हवंय! ब्रेक तात्पुरता आणि काम कायमचं — स्वतःचं बोलणं ऐकतेस का कधी?

काम काय, सोपं आहे. कुणी पडद्याचा तुकडा घेऊन येतं, ‘याच रंगाची भिंत हवी.’ मशीन रंग सोडतं, आपण बोटानं झाकणावर त्याचा ठिपका लावून दाखवायचं. गिऱ्हाईक ओरडतं, ‘अहो, हा फिका आहे!’ ओला रंग फिकाच दिसतो. वाळू द्यायचा, मग बोलायचं. पण लॅबमधली मुलगी काय करते? अजून एक थेंब टाकते. सवयच ना आपल्याला, थेंब थेंब टाकत बसायची! वाळला की गडद, आणि डबा गेला वाया. ती मागची भिंत बघ, डागाडागांची. सगळ्या वाया गेलेल्या डब्यांची आहे. काका येईल त्याला दाखवतात, ‘ही आमच्या सायंटिस्टची कला.’ मीच सायंटिस्ट. कोपऱ्यावरचा सुतारसुद्धा विचारतो, ‘सायंटिस्टताई, खिळे आहेत का?’

काय म्हणालीस? पाटी आहे म्हणजे कुणीतरी सोडून जात असेल? हुशार आहेस की! मीच जातेय. म्हणजे आई येऊन काकांना तसं सांगून गेली — ‘तिला सोडा, कॉलेजचे प्रवेश सुरू झालेत.’ काका म्हणाले, ‘बदली माणूस मिळू द्या, त्याच दिवशी सोडतो.’ आता माणूसच मिळत नाही, त्याला मी काय करू? आई रोज विचारते, मी रोज सांगते, कुणी फिरकत नाही गं. खोटं आहे का? पाटी दिसली तर फिरकतील ना! प्रायमर काय, कुठंतरी ठेवावाच लागतो.

हसू नकोस. तुझी धाकटी बहीण तुझ्याच वर्गात येऊन बसली असती ना, मग कळलं असतं. माझी आलीय. परवा विचारते, ‘ताई, माझ्या शेजारची जागा धरून ठेवू का?’ प्रेमानं विचारलं गं, टोमणा असता तर परवडला असता. जिला मी अक्षरं गिरवायला शिकवली, ती आता मला नोट्स देणार. ब्रेक कसला डोंबलाचा — नापास झाले होते मी. आता पुन्हा झाले तर तिच्या डोळ्यांदेखत. भीती वाटते मला. झालं समाधान?

आता तू नीघ. समोरच्या बेकरीत विचार, त्यांना सारखी माणसं लागतात, माझं नाव सांग. काय? काकांना भेटूनच जातेस? अगं, ते आज येणारच नाहीत, ते गावाला — आलात होय काका? नाही, काही नाही, गिऱ्हाईक आहे. निळा विचारत होती, नाही म्हटलं आपल्याकडे. निघालीच आहे ती. — हो ना गं? अगं, इकडून कुठं... डबे कशाला सरकवतेस? ए, ती पाटी ठेव तिथंच!