पाटाचा फोटो

नवरदेवाचं वय कशाला पाहिजे, मियाँ? तुम्हाला फोटो काढायचाय का पटवाऱ्याच्या दप्तरात नोंद करायचीय? — पोरगा आहे म्हणलं ना. माझा भाचा. वैजापूरकडचा. थोडा थोराड आहे, एवढं धरून चाला. — फोटोत काळा दिसंल? दिसू द्या, काळाच आहे. — मी? मी पुंजाराम. पुंजाराम मापाडी. वैजापूरच्या मोंढ्यात कुणालाबी विचारा. तीस वर्षं झाली, ज्वारी-बाजरी मापतोय. माझ्या हातची पायली भरली की शेतकरी बोलत नाय आन् आडत्याबी बोलत नाय. पोरं मला बघून रस्ता बदलतात. मला मस्करी चालत नाय, आधीच सांगतो, तेव्हा तुम्ही हसू नका. — मी हसतोय? मी कुठं हसतोय? सकाळपासून तोंडच तसं झालंय, त्याला मी काय करू. गाडीत एका बाईनं विचारलं, बाबा, दात दुखतात का. व्हय म्हणलं. काय सांगणार.

सरळ सांगतो. अकरा रुपये आहेत, हाली, निजामाचे. याच्यावर नाय. छावणीतल्या फोटोवाल्याकडं आधी गेलो होतो, तो साहेब लोकांचे काढतो, त्यानं माझा रुपया असा धरला जसा कुणी मेलेला उंदीर धरतो. म्हणला, कलदार आणा, इंग्रजी. काच मुंबईहून येते, मसाला मुंबईहून येतो, गावाला यायचं तर रेल्वेचं भाडं, सोबत एक हमाल, आणि दोन वेळचं जेवण, तेबी मटणाचं. मी म्हणलं, फोटो काढायला येतोस का सोयरीक करायला? निघालो. मग गुलमंडीवरच्याकडं गेलो. त्याला विचारलं, माणशी काय घेता? कारण माझी दोनच माणसं आहेत, वऱ्हाड नाय, घोडा नाय, वाजंत्री नाय — मला वाटलं दोघांना काच लहान लागंल, स्वस्तात होईल. तो म्हणला, बाबा, दोघं काढा नायतर दोनशे काढा, काच तेवढीच. मग त्यानं विचारलं, असलं कसलं लग्न, वऱ्हाड नाय, वाजंत्री नाय? मी सांगितलं. आणि तो हसला. असा हसला, मियाँ, की खुर्चीचा पाय वाजला. त्याचंबी बरोबर आहे म्हणा. पाटाचा फोटो कुणी काढलाय का आजवर?

— पाट म्हणजे? तुम्हाला नाय का माहीत? म्हणजे तुमच्यात बरं आहे बघा. तुमच्यात विधवेचा निकाह लागला तर दिवसा लागतो, चार लोक खजूर खातात, घरी जातात. आमच्यात पाट लावतात. कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या, लुगड्याला गाठ मारायची — सगळं लग्नासारखंच, पण अंधार पडल्यावर. मांडव नाय, ताशा नाय. सवाष्णी तिकडं फिरकत नाय, पोरीबाळींना आत कोंडून ठेवतात. आणि पाट लागल्यावर उजाडेपर्यंत कुणी त्या बाईचं तोंड बघायचं नाय. अपशकुन म्हणतात. का म्हणतात? म्हणतात. आमच्या आज्यापणज्यानं ठरवलं, आता ते विचारायला सापडायचे नाय. — मग फोटो कसा निघंल, हेच तर विचारतोय मी तुम्हाला! तो मसाला पेटवतात म्हणे, डोळ्यापुढं वीज पाडतात. — किती? एकदा पेटवायला एवढे पैसे? आणि छपराला लागला तर? कडब्याची गंजी आहे शेजारी. मियाँ, म्हणजे अकरा रुपयात फोटोबी नाय आणि घरबी नाय.

थांबा, जाऊ नका आत. तोड काढू. — फेटा? भाच्यानं फेटा कोणता बांधायचा म्हणता? हाच की. हा डोक्यावर आहे तोच, पैठणच्या बाजारातनं आणलाय, काल रात्री भिजवून, पिळून, सकाळी चारदा बांधला अन् सोडला — काय बघता असं?

बरं.

भाचा नाय. मला भाचा कुठून असणार, मला बहीणच नाय. मीच आहे. मीच नवरदेव. साठीला दोन कमी. घ्या, लिहा तुमच्या दप्तरात. पहिली जाऊन बारा वर्षं झाली. आता हसायचं तर हसून घ्या, मी भिंतीकडं बघतो. — नाय हसत? मग तुम्ही माणूस आहात. गुलमंडीवरचा नाय.

तिचं नाव द्वारकाबाई. दोन एकर आहे तिला, गेलेल्या नवऱ्याच्या वाटचं. दोन वर्षांमागं, सुगी होती, ज्वारीची गाडी घेऊन एकटी मोंढ्यात आली. मी मापायला बसलो. आम्ही मापताना एक म्हणत नाय, मियाँ, पहिल्या पायलीला लाभ म्हणतो — लाभ, दोन, तीन, असं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सतरापर्यंत आलो. सतरा म्हणलं. मग पुढची पायली ओतली आणि परत सतरा म्हणलं. ती म्हणली, मापाडीबाबा, दाणे माझे आहेत, तुमचे डोळे कुठं आहेत? मला कुणी असं बोलत नाय! आडत्या उठून उभा राहिला. माझ्या अंगाचा भडका झाला. सगळी रास मोडली, पहिल्यापासून मापली, लाभ, दोन, तीन — एक पायली जास्त भरली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी सगळ्यांसमोर म्हणलं, चूक माझी. ती म्हणली, चूक राहू द्या, सतराला झालं काय होतं? — काय झालं होतं? काय नाय. काय होणार. सांडलेले दाणे वेचायला तिनं हात पुढं केला होता. मोकळं मनगट. बांगडी नाय, काय नाय. चार दाणे वेचले तिनं, पाचवा मातीत गेला होता, तोबी नखानं काढला. मी त्या मनगटाकडं बघत होतो. झालं? तुम्ही काय दारू पाजली का मला, मियाँ? हे मी कुणाला बोललो नाय.

तवापास्नं ती दर सुगीला माझ्याकडंच येते आणि माझ्याबरोबर मोठ्यानं मोजते. मी चार म्हणलं की ती चार म्हणते. सगळा मोंढा ऐकतो. मला आधी लाज वाटायची, मग वाटायचं ज्वारी अजून दोन पोती पिकली असती तर बरं झालं असतं. यंदा विचारलं. — कसं म्हणजे? मापता मापताच. बारा म्हणलं, मग हळूच म्हणलं पाट लावतीस का, मग तेरा म्हणलं. ती वर बघंना. म्हणली, आधी चौदा म्हणा, विसराल. गाडी रिकामी झाली तवा म्हणली, लावीन. पण एक फोटो पाहिजे. दोघांचा. दिवसा काढलेला.

आणि ते बरोबर आहे तिचं! पाट लावला की पहिल्या घरचं शेत सुटतं, दोन्ही एकर दिराकडं जाणार. ती सगळं सोडून येणार, तेबी अंधारात, कुणी न बघता. सकाळी उठून माझ्या उंबऱ्यात दिसली तर लोक काय म्हणतील? लोकांचं सोडा, माझा पोरगा, बद्रीनाथ, माझा स्वतःचा, आत्ताच म्हणतोय — म्हाताऱ्यानं बाई ठेवली. तिच्या कानावर गेलंय ते. ती रडली-बिडली नाय. म्हणली, भिंतीवर फोटो टांगायचा, आल्यागेल्याला दिसंल असा, मग कोण ठेवलेली म्हणतो बघते. तिच्या पहिल्या लग्नात ती नऊ वर्षांची होती, तिला त्यातलं फक्त पोट दुखलेलं आठवतं. एवढं एकच मागणं आहे बाईचं. परवा पाट आहे. फोटो निघाला तर ती माझ्याबरोबर वैजापूरला यायला रोटेगावच्या गाडीत बसणार, नाय निघाला तर दुसऱ्या गाडीनं बदनापूरला भावाकडं. तिनं सकाळीच सांगितलंय, तोंडावर. आणि ती बोलली की बोलली, तिचं माप माझ्यापेक्षा पक्कं.

— बदनापूरची गाडी? तासाभरात आहे. — व्हय, आलीय की. समोर. त्या अत्तरवाल्याच्या पायरीवर बसलीय, गाठोडं मांडीवर. ती बघा. मीच म्हणलं, तू आत नको येऊ, फोटोवाले बाईमाणसासमोर भाव वाढवतात.

— काय म्हणता? इथं? आत्ता? इथं बसवून काढता? वर ही काचेची कौलं आहेत ती उजेडासाठी? मला वाटलं खऱ्या कौलांना पैसे कमी पडले म्हणून. म्हणजे मसाला नको? रेल्वे नको, मटण नको? — पण मियाँ, पाट परवा आहे. लग्नाच्या आधी लग्नाचा फोटो, चालतंय का ते? — फोटोवर तारीख नसते. अरे! तारीख नसते की! — आणि अकरात? दोन प्रती? एक माझ्या भिंतीला, एक तिच्या भावाला! मियाँ, तुमच्या पाया पडलो असतो, पण फेटा सुटंल.

द्वारकाबाई! अहो द्वारकाबाई! या, या आत या. टांग्याकडं बघून या. — काढतात. व्हय, इथंच. नाय, दुखत नाय. — हे इलियासमियाँ, चांगला माणूस आहे, हसला नाय. — ही खुर्ची? मी बसायचं आणि तिनं मागं उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवून? असंच काढतात का सगळे? बरं, बसतो. — काय म्हणतेस? — मियाँ, ती म्हणते दोन एकर सोडून उभं राहायचं असंल तर आपल्याला बदनापूर बरं. — बस. तूच बस. नाय मियाँ, बसू द्या. मी जन्मभर उकिडवा बसून मापलंय, आज उभा राहिलो म्हणून काय मोडतोय का. नवरदेव चाकरासारखा दिसंल? दिसंल तर दिसंल. माझ्या घरी माझा फोटो, कुणाच्या बापाचं काय जातंय.

— आता काय राहिलं? तिच्याकडं का बघता असं? बोला की. — कपाळ? कपाळाला काय — आरं देवा.

खरंच की. कपाळ मोकळं, हात मोकळे. असा फोटो टांगला तर बद्रीनाथ म्हणेल, हे बघा, पुरावाच आणलाय म्हाताऱ्यानं. हे माझ्या ध्यानातच आलं नाय. कुंकू परवा लागणार, रात्री, आणि दिवसा इथं — चुकलंच माझं. सगळं मोजलं आणि हेच राहिलं. मियाँ, आता काय करायचं हो? परवा काढलेला दिसायला पाहिजे आणि परवा उजेड नाय.

— काय सोडतेस गाठोडं? अगं, त्या बांगड्या परवासाठी आहेत. सकाळीच शहागंजातून घेतल्या, मियाँ, हिरव्या, डझनभर, आणि ही कुंकवाची पुडी. — काय म्हणलीस? — इथं? — ती म्हणते, रात्रीची वाट कशाला बघता. म्हणते, मी तर आलीच आहे. — द्वारकाबाई, भटजी नाय, तुझा भाऊ नाय. — मियाँ आहेत म्हणते. माणूस आहे, बघतोय, तेवढा साक्षीला पुरे. मियाँ, तुम्हाला चालंल का? तुमच्या दुकानात, आमचं हे? — बिस्मिल्ला म्हणता? म्हणा, म्हणा, कुणीतरी काहीतरी म्हणायलाच पाहिजे.

पदर मागं घे जरा. — घेतला तिनं. सगळा. मियाँ, मी दोन वर्षांत हिचं कपाळ असं पुरतं बघितलं नव्हतं. — ही पुडी सोडली, हे बोट बुडवलं. — लागलं? थोडं नाकावर सांडलं. पुसू नको, असू दे. बांगड्या तू भर, माझ्यानं फुटतील. एक फुटली? मियाँ, तीबी शुभच असते आमच्यात. नसली तर आजपासून आहे.

उभा राहिलो. इथं ना? हात कुठं ठेवू? खुर्चीवर. बरं. — ही कोण माणसं दारात? अत्तरवाला आहे तो. तो टांगेवाला, आणि त्या दोन बाया कोण? — नका, नका मियाँ, पडदा ओढू नका. हाकलू नका कुणाला. बघतात तर बघू द्या. ए बाई, मागं का सरतेस, सवाष्ण आहेस ना? ये, पुढं ये, नीट बघ तिचं तोंड. सगळ्यांनी बघा. — हां मियाँ. शिरा तुमच्या काळ्या कापडात. नाय हलत. नाय बोलत. श्वासबी घेत नाय. काढा.