खाजणातली भाजी

ओझेली : पाय स्टुलावर घे. आणि आता खरं सांग, पोटात मीठ गेलं कुठून?

अलीर : मारियामातेची शपथ, मी मिठाच्या बरणीला हात लावला नाही!

ओझेली : बरणी शेजाऱ्यांकडे देऊन आलेय, हात लावशील कुठून! हे घोटे बघ. बोट दाबलं की खड्डा पडतोय. पुन्हा छातीत पाणी भरलं तर घरी परत येशील याची खात्री नाही, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या ना? आणि हा बुटांना खाजणातला चिखल कसला?

अलीर : भरती बघायला गेलो होतो.

ओझेली : जन्म गेला फंडीच्या उपसागराच्या काठावर, अजून भरती बघायचीय! खिशात काय आहे? काढ. ...उंदरीची आचळं? हे खाजणातलं खारट रोप?

अलीर : भाजीच आहे की. हिरवी भाजी खा, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या.

ओझेली : पालक म्हणाल्या त्या! अरे, धड पान नाही हिला, नुसत्या फुगलेल्या कांड्या. कशानं फुगतात त्या?

अलीर : पाण्यानं. समुद्राचं मीठ मुळातून आत येतं, ते सौम्य करायला पाणी साठवते ती. मला नको शिकवूस. लग्नाआधी मीच तुला दाखवलं होतं.

ओझेली : मग तुझे घोटे कशानं फुगलेत?

(अलीर विजार खाली ओढून घोटे झाकतो.)

ओझेली : तिचं बरंय. थंडी आली की मिठानं भरलेल्या कांड्या लाल होतात, गळून पडतात. सुटली बया! तू काय गाळणार? पाय?

अलीर : तुला काय कळणार! कोंबडीचा फ्रिको रस्सा अळणी, बटाटे अळणी, पावसुद्धा अळणी. ईस्टरपासून कागद चघळतोय मी. आज चिखलात बसून एक कांडी चावली, तोंडाला चव आली आणि रडू फुटलं मला, ओझेली.

ओझेली : मला सांगायचंस ना. तीन पाण्यांत उकळून दिली असती.

अलीर : मग गवतच उरलं की! तुझं आपलं बरंय. स्वतः चवीढवीनं जेवायचं आणि मला उपदेश करायचा.

(ओझेली एकाच पातेल्यातून दोन ताटल्या वाढते.)

ओझेली : मी माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवताना कधी पाहिलंस?

अलीर : ...तूसुद्धा? ईस्टरपासून?

ओझेली : बरणी शेजाऱ्यांकडे आहे म्हटलं ना. जेव आता, निवतंय.