जास्त पिळाचा पंखा

कोरियातल्या थोंग्योंग बंदरावर, बोटींना पाण्याखालून ढकलणाऱ्या पंख्यांच्या दुकानात माझ्यापुढे बेटावरचा एक कालववाला होता.

“मावशी, याहून जास्त पिळाचा, एका फेऱ्यात बोट जास्त पुढं ढकलणारा पंखा द्या. बोट पळतच नाही.”

“प्यो कप्तान, तुमची बोट जड, वर क्रेन. भरलेला ट्रक चढावर टॉप गिअरमध्ये पळेल का? कमी पिळाचा जुनाच बरा होता. काढलात कशाला?”

“आईच्या छातीत दुखायचं. इस्पितळ लवकर गाठावं म्हणून.”

“जुन्यानंच लवकर गाठलं असतंत.”

“किती लवकर?”

“अर्धा तास तरी. का हो?”

“डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतंत तर वाचल्या असत्या.”

“अरेरे. ...नवा घेऊच नका. जुना ठेवलाय ना?”

“आहे. त्या दिवशीही बोटीतच होता, आईच्या उशाशी.”