मोडेपर्यंत

मुलगी: तीनशे. तीनशे काप झाले, बाबा. दोर संपला.

वडील: आता कागद काप. पुठ्ठा नको, तो कशानेही फाटतो. तो पातळ कागद घे.

मुलगी: हे बघा. सुरा सरळ गेला. कुठे अडकला?

वडील: आवाज आला.

मुलगी: कागद कापला की आवाज येतोच.

वडील: चांगल्या धारेला येत नाही. पण जाऊ दे, सोडून देतो. तुझ्या आईसमोर मला राक्षस व्हायचं नाही.

आई: मला मध्ये घेऊ नका. जेवणाच्या टेबलाला हा लोखंडी पकडीचा व्हाइस लावलाय, लाकडाच्या ढलप्या पार माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत उडाल्यात. एवढी भट्टी आहे तुमची, तिथे करा की हे उद्योग.

वडील: तिथे चार कारागीर बघायला जमतात. हिची फजिती घरात झालेली बरी.

मुलगी: अजून तरी झालेली नाही. खिळा तोडला, धारेचा टवका उडाला नाही. गाठीचं लाकूड चिरलं, मूठ हलली नाही. हलेल कशी, पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग आहे. व्हाइसमध्ये वाकवलं, सोडल्यावर सरळ झालं. तुम्ही सांगितलं ते सगळं झालं. आता ठसा द्या.

वडील: काय द्या?

मुलगी: आपला ठसा. माझा सुरा टिकला तर सोमवारपासून पात्यांवर ठसा मी मारायचा आणि भट्टी मी बघायची. तुमचेच शब्द आहेत.

आई: बोलला होतात हो.

वडील: 'टिकला तर' असं बोललो होतो. ते ठरायचंय अजून. परत अडकव व्हाइसमध्ये. अर्धं पातं बाहेर ठेव. हं, आता हातोडा घे.

मुलगी: हातोडा? आडवा घाव, तोही अडकवलेल्या पात्यावर? त्यातून कुठलाच सुरा वाचत नाही, बाबा. तुमचाही नाही वाचणार.

वडील: परीक्षा माझ्या सुऱ्याची नाही चाललेली.

मुलगी: मोडेपर्यंत मारायचं आणि मग मोडला म्हणायचं. ही कसली परीक्षा?

वडील: नको तर राहू दे. अर्ध्यात सोडली म्हणून सांगेन सगळ्यांना. कुणाला नवल वाटणार नाही.

आई: नको गं मारूस. दोन महिने घातलेस त्या सुऱ्यात.

मुलगी: दोन महिने कसले, सात वर्षं. याच्या आधीचे सगळे यांनी भंगारात टाकले.

वडील: मारतेस का?

मुलगी: तुम्हीच मारा.

वडील: मी कशाला? घडवलंस तू, मोडायचंही तूच.

(तिने दात आवळून घाव घातले. दोन घाव पात्याने मुकाट्याने सोसले. तिसऱ्याला टोकाकडचा अर्धा भाग सुटला आणि फरशीवरून घसरत म्हाताऱ्याच्या पायाशी जाऊन थांबला. त्याला बरं वाटलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.)

वडील: मोडला.

मुलगी: मोडणारच होता. आता आतून बघा. मोडल्या जागी साखरेसारखे जाड कण दिसले, तर तापलेल्या पोलादाला पाणी देताना हात चुकला. चाळलेल्या राखेसारखं मऊ दिसलं, तर पाणी नेमकं बसलं. तुम्हीच शिकवलंय.

वडील: चष्मा दे गं माझा.

आई: हा घ्या. कसं आहे हो? एवढा वेळ काय बघताय?

वडील: जाड आहे.

मुलगी: बाबा!

वडील: साखर आहे नुसती. चहात टाकली तर विरघळेल.

मुलगी: उजेडात धरा. अंगठा फिरवा त्यावरून. एक तरी कण लागतोय का?

वडील: माझ्या अंगठ्याला तू शिकवणार?

आई: नीट बघा की हो एकदा. तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

वडील: मग बघू नकोस. सोमवारी थोरला येतोय. ठसा त्याच्या हातात देतो.

मुलगी: दादाच्या? त्याने आजवर पेन्सिलीला धड टोक काढलेलं नाही! त्याच्या सुऱ्यावर किती घाव घातलेत?

वडील: त्याला परीक्षा कशाला? मुलगा आहे तो माझा. शिकेल हळूहळू.

मुलगी: मग माझ्या हातात हातोडा का दिलात? आधीच नाही म्हणायचं होतंत.

वडील: नाही म्हटलं असतं, तर जन्मभर म्हणाली असतीस, बाबांनी संधी दिली नाही. आता तुझ्याच हाताने मोडलाय. बोलायला तोंड उरलं नाही.

मुलगी: आई, केरसुणी कुठाय?

आई: राहू दे गं. मी काढते.

मुलगी: नको. माझं आहे, माझं मी टाकते भंगारात.

वडील: मुठीकडचं टाक. हा टोकाचा तुकडा टाकू नकोस. पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेव.

मुलगी: कशाला?

वडील: थोरल्याला दाखवायला लागेल. पाणी नेमकं बसलं की आतून कसं दिसतं ते.