धार वरच्या बाजूला

लंडनमधल्या एजवेअरच्या पोस्टातल्या रांगेत माझ्यापुढे सुलक्षणा आणि वरदा या दोघी मैत्रिणी.

"सामुराईची तलवार म्हणजे त्याचा आत्मा, वरदा."

"आणि तो तुम्ही सोफ्यावर उलटा टांगलात!"

"पूर्वी घोडेस्वार धार खाली ठेवून लटकवायचे. ते वाचून यांनी दसऱ्याला पूजा करून तशीच लावली."

"पुढे कमरपट्ट्यात खोचायला लागले गं, धार वर. तुमची तसली आहे."

"काल ती भेट देणारे यांचे जपानी पेशंट मोरिता जेवायला आले, तेव्हा कळलं."

"चिडले?"

"छे! यांना वाकून नमस्कार केला. म्हणाले, तुम्ही मोतीबिंदू काढलात म्हणून चूक दिसली तरी! स्वतः फिरवून लावली."

"देवमाणूस!"

"आज सकाळी त्यांचाच फोन आला. जोडीतली धाकटी तलवार त्यांच्या घरी नऊ वर्षं उलटीच टांगलीय."